पोचा काढण्याआधी पत्रा ओळखावा
१९४८ साली आलेल्या पहिल्या लँड रोव्हरचा सांगाडा पोलादी असला, तरी वरचा बहुतेक पत्रा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा होता, कारण युद्धोत्तर ब्रिटनमध्ये पोलादाची टंचाई होती. अशा गाडीचा पोचा स्वतः काढू पाहणाऱ्याने हातोडी उचलण्यापूर्वी या धातूचा स्वभाव शिकलाच पाहिजे. ठोकत गेल्यास पत्रा कडक होत जातो आणि शेवटी तडकतो, म्हणून त्याला मध्येच तापवून पुन्हा मऊ करावे लागते. या क्रियेला तापानुशीतन म्हणतात. तांबे तापले की लाल होऊन कारागिराला इशारा देते. ॲल्युमिनियम मात्र सुमारे ६६० अंश सेल्सिअसला, आणि त्याचे मिश्रधातू त्याच्याही आधी, रंग न बदलताच वितळू लागतात, आणि बेसावध शिकाऊच्या पत्र्याला क्षणात भोक पडते. यावरचा जुना तोडगा विलक्षण सुंदर आहे: पत्र्यावर साध्या साबणाची वडी घासायची, मागून ज्योत सतत फिरती ठेवायची आणि साबणाची रेघ काळपट तपकिरी झाली की ज्योत लगेच बाजूला घ्यायची. मग पत्र्यामागे डॉली, म्हणजे हातात मावणारा गुळगुळीत पोलादी ठोकळा, धरून हलके ठोके द्यावेत. जोरकस ठोक्याने पत्रा पातळ होऊन पसरतो आणि तो फुगवटा मूळ पोच्याहून अधिक छळतो. पुट्टीचा जाड थर भरून पोचा झाकणे ही दुरुस्ती नव्हेच. लोखंडावर वापरलेली कानस किंवा तारेचा ब्रश येथे मुळीच चालवू नये, कारण लोखंडाचे कण पत्र्यात रुततात आणि ओलावा मिळताच त्यांच्याभोवतीचे ॲल्युमिनियम खाल्ले जाऊ लागते.