खवीस, जिन आणि ऑर्क

मधल्या सुट्टीत नववीतल्या एकाने विचारलं, "सर, ऑर्क आणि गॉब्लिन एकच ना?" त्याच्या मोबाइलवरच्या क्लॅश ऑफ क्लॅन्समध्ये गॉब्लिन म्हणजे हिरवा, चपळ, सोनं पळवणारा. ऑर्क त्याने दुसऱ्या खेळात पाहिलेला, आडदांड.

गोष्ट कोणाची, त्यावर उत्तर ठरतं. टॉल्किनच्या 'द हॉबिट'मध्ये (१९३७) ज्यांना गॉब्लिन म्हटलंय, तेच 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मध्ये ऑर्क. १९७४ साली डन्जन्स अँड ड्रॅगन्स आला आणि दोघांचा संसार वेगळा झाला. गॉब्लिन ठेंगणा, ऑर्क धिप्पाड. रोलिंगबाईंनी तर गॉब्लिनला बँकेत बसवलं.

मला मात्र खरा फरक उंचीचा वाटत नाही. टॉल्किनचा ऑर्क मारला गेला तर वाचकाला हळहळ वाटत नाही. अख्खी जमात जन्मतःच वाईट कशी, हे त्या श्रद्धाळू कॅथलिक माणसालाही सलत होतं. ऑर्क आले कुठून, याचं उत्तर तो बदलत राहिला. वॉरक्राफ्टच्या १९९४च्या पहिल्या खेळात ऑर्क म्हणजे चाल करून आलेली टोळी. २००२च्या तिसऱ्या खेळात थ्रॉल हा ऑर्कच नायक, आपल्या लोकांना घेऊन समुद्रापार निघालेला. सुळे तेच, फक्त आता त्याला बिऱ्हाड आहे.

कुराणात जिनांच्या नावाची ७२वी सूरत आहे. त्यात जिन स्वतःच सांगतात की आमच्यात नेक आहेत, तसे नसलेलेही आहेत. म्हणून मराठीत सगळ्यांनाच 'राक्षस' म्हणून मोकळं होणं मला पटत नाही.

आपल्याकडे भुतांनाही जात असते. मुंजा, ब्रह्मसमंध कोणाचे, हे ठरलेलं. लहानपणी आर्वीत एका मित्राने खवीसाबद्दल आपुलकीने सांगितलं होतं, "तो तुमच्यातला असतो." शब्द अरबी 'खबीस'वरून आलेला, म्हणजे दुष्ट, नापाक. आमची अम्मी दूध सांडणाऱ्या मांजरीला खबीस म्हणायची, त्यामुळे मला तेव्हा हसू आलं होतं.

परवा खेळाच्या तासाला पोरांनी दोन गट पाडले. एक ऑर्कांचा. त्यात कोण जाणार, हे नावं ऐकूनच ठरलं. कोणी भांडलं नाही, गेलेली पोरंही हसतच गेली. मी शिट्टी वाजवली आणि हजेरीच्या सम-विषम क्रमांकांवर गट पुन्हा पाडले.

तो प्रश्न विचारणारा ऑर्कांत आला. तासभर त्याची एकच कुरकुर, "सर, सोनं तर गॉब्लिनलाच मिळतं."