मजकुराचा धनी कोण?

गेल्या हिवाळ्यात एका कनिष्ठ महाविद्यालयातील बारावीच्या वर्गापुढे बोलण्याचा योग आला असता, मी त्या दिवसाचे मराठी वृत्तपत्र मुलांच्या हाती दिले आणि त्यातील मजकुराबद्दल उद्या न्यायालयात कोणाला उभे राहावे लागेल, त्याचे नाव शोधून काढण्यास सांगितले. पहिल्या पानावरच्या मथळ्यांपासून क्रीडापृष्ठापर्यंत मुलांनी सारा अंक चाळला. अखेरीस मागच्या बाकावरील एका मुलीचे बोट पानाच्या अगदी तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत छापलेल्या मुद्रक, प्रकाशक आणि संपादक यांच्या नावांवर येऊन थांबले. ही नावे छापण्याची सक्ती १८६७ च्या कायद्याने केली, आणि घरात रोज येणाऱ्या कागदावरची ती ओळ त्या वर्गातील एकानेही तोवर वाचलेली नव्हती. सकाळपासून तुमच्या मोबाईलवर जे संदेश आले त्यांखाली अशी ओळ कोठे आहे, असे मी विचारले, तेव्हा कोणी बोलेना.

धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे १ जुलै २०१८ रोजी, आठवडी बाजाराच्या दिवशी, मंगळवेढ्याकडून भिक्षेसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच माणसांना जमावाने ठार मारले. मुले पळविणारी टोळी फिरत असल्याची जी अफवा व्हॉट्सॲपवरून गावोगाव पोचली होती, तिचा कर्ता कोण, हे त्या जमावातील कोणी विचारले नाही. तो प्रश्न विचारण्याची सवय जडावी लागते, आणि सवय जडविण्याचे स्थान शाळा हेच आहे, असे माझे ठाम मत आहे.

आपल्या राज्य मंडळाच्या बारावीच्या ‘युवकभारती’त उपयोजित मराठी या विभागाखाली मुलाखत, माहितीपत्रक, अहवाल आणि वृत्तलेख यांचे लेखन शिकविले जाते, आणि ही तरतूद करणाऱ्यांच्या दूरदृष्टीबद्दल मला आदर आहे. केंद्रीय मंडळाने तर अकरावी-बारावीस जनसंचार माध्यमे हा कौशल्यविषय म्हणून स्वतंत्रच ठेवला आहे. परंतु या दोन्ही ठिकाणी दृष्टी आहे ती मजकूर तयार करणाऱ्याची. आणि वर्गातील साठांपैकी एखाददुसराच पुढे बातमीदार होणार असला, तरी वाचक व प्रेक्षक मात्र साठही जण आजन्म राहणार आहेत. बातमीच्या वेषात आलेली जाहिरात ओळखणे, एकाच घटनेचे तीन वृत्तपत्रांतील वृत्तांत शेजारी मांडून कोणी काय गाळले ते पाहणे, छायाचित्र कोठले व केव्हाचे याची शहानिशा करणे, वाहिनीचा खर्च कोण भागवितो याचा हिशेब लावणे, हा अभ्यास कला शाखेइतकाच विज्ञान आणि वाणिज्य शाखांनाही आवश्यक आहे.

विषयांचा भार आधीच जड आहे आणि हे शिकविणार कोण, हा आक्षेप मी हलका मानीत नाही. तथापि ज्या बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत ‘दर्पण’ काढून एका स्तंभात मराठी व दुसऱ्यात इंग्रजी मजकूर देण्याचा प्रघात पाडला, तेच एल्फिन्स्टनमध्ये अध्यापक होते, आणि १८४० मध्ये ‘दिग्दर्शन’ हे मासिकही त्यांनीच सुरू केले. मराठी मुलखात वृत्तपत्र आणि वर्ग यांची सोयरीक इतकी जुनी असता, भाषेचा, इतिहासाचा वा नागरिकशास्त्राचा शिक्षक हे काम करू शकणार नाही, असे मानण्यास मी तयार नाही.

बारावीच्या बाकावरील मुले वर्षभरात मतदार होतात. म्हणून मंडळाने या विषयाची तजवीज तिन्ही शाखांसाठी करावी. आणि तसा हुकूम निघेपर्यंत प्राचार्यांनी आठवड्याची एक तासिका राखून, एक वर्तमानपत्र व एक अग्रेषित संदेश फळ्याशेजारी लावून आरंभ करावा, अशी माझी त्यांना कळकळीची विनंती आहे.