कंडक्टर, रिक्षावाला आणि ‘स्ट्रगल’

सिनेमावाल्यांच्या मुलाखतींत ‘स्ट्रगल’ नावाचं एक प्रकरण ठरलेलं असतं. कोणी वॉचमनकी केली, कोणी हॉटेलात ताटं उचलली. आपणही भारावून वाचतो. माझा अभ्यासविषय श्रम आणि जात हा आहे, त्यामुळे मला मात्र तिथे दोनच प्रश्न पडतात. ते काम सोडणं परवडलं कसं? आणि सोडल्यावर ते खरंच सुटलं का?

रजनीकांतचीच गोष्ट घ्या. बंगळुरातल्या मराठी घरात जन्मलेले शिवाजीराव गायकवाड, वडील पोलीस शिपाई, स्वतः सिटी बसवर कंडक्टर. सोबतचे ड्रायव्हर राज बहादूर यांनी पैशाची मदत केली, म्हणून १९७३ साली मद्रासच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकता आलं. १९७५ला ‘अपूर्व रागंगल’ आला. गरिबी खरी, कष्टही खरे. पण पुढे ती बस त्यांच्या मागे लागली नाही, तिची दंतकथा झाली. रंग सावळा असूनही ते सुपरस्टार झाले. म्हणून ‘आपल्या सिनेमाला काळा रंग चालत नाही’ हे वाक्य मला अर्धंच वाटतं. काळा कोण आहे, यावर बरंच ठरतं.

आता कलाभवन मणी. मराठी वाचकांना हे नाव फारसं ठाऊक नसेल, म्हणून जरा सविस्तर सांगते. केरळच्या चालकुडी गावातलं दलित मजूर कुटुंब. मणी रिक्षा चालवायचे आणि मिमिक्री करायचे. कोचीच्या ‘कलाभवन’ या संस्थेच्या कार्यक्रमांतून नाव झालं, ते नावालाच जोडलं गेलं. १९९५च्या ‘अक्षरम’मध्ये सिनेमाने त्यांना भूमिका दिली, ती रिक्षावाल्याची! रिक्षा सोडून आलेल्या माणसाला पडद्यावर पुन्हा रिक्षातच बसवलं. पुढे विनोदी पात्रं आली, खलनायक आले. १९९९च्या ‘वासंतियुम् लक्ष्मियुम् पिन्ने ञानुम्’मध्ये ते नायक झाले, पण अंध गायक म्हणून. त्या कामाची राष्ट्रीय पुरस्कारांतही विशेष दखल घेतली गेली. ‘करुमाडिकुट्टन’मध्येही ते नायक, पण बौद्धिक अपंगत्व असलेला. धडधाकट, देखणा, प्रेमात पडणारा नायक म्हणून या माणसाकडे किती वेळा पाहिलं गेलं? आपली लोकगीतं ते शेवटपर्यंत गात राहिले. २०१६ साली, वयाच्या ४५व्या वर्षी ते गेले, तेव्हा चालकुडीत लोटलेल्या गर्दीला त्यांची जात सांगावी लागली नाही.

त्यांचे भाऊ आर. एल. व्ही. रामकृष्णन मोहिनीअट्टमचे नर्तक आहेत, त्या विषयात डॉक्टरेट मिळवलेले. २०२४मध्ये एका नृत्यांगनेने काळ्या पुरुषांनी हे नृत्य करण्याबद्दल काढलेले उद्गार त्यांनाच उद्देशून होते, असं अनेकांना वाटलं. डॉक्टरेटनेही रंग उजळत नाही.

केरळच्याच पी. के. रोझीचं काय झालं, हे या पोर्टलच्या वाचकांना वेगळं सांगायला नको. मल्याळम सिनेमाच्या या पहिल्या नायिकेने नायर स्त्रीची भूमिका केली आणि जमावाने तिला परागंदा केलं. आता दगड मारत नाहीत. आता ‘लूक’ म्हणतात.

मुंबईत वर्सोव्याच्या आरामनगरात ऑडिशनसाठी ताटकळणाऱ्या मुलांशी मी बोलते. मराठवाड्यातला एक मुलगा रात्री जेवणाची पार्सलं पोचवतो आणि दिवसा ऑडिशनला येतो. ऑडिशन अकराची, नंबर लागतो चारला. तोवर दुपारच्या ऑर्डरी बुडालेल्या असतात. ‘अपमार्केट दिसत नाहीस’ हे त्याने इतक्यांदा ऐकलंय की आता तोच हसून सांगतो. बोलावणं येतं ते ड्रायव्हर, वॉचमन, गुंडाच्या मागे उभं राहणारा चौथा माणूस यासाठी. त्याच्या शेजारी रांगेत उभा असलेला मुलगाही कॅफेत काम करतो, पण त्याचं भाडं घरून येतं. पुढे दोघांच्याही मुलाखतीत ‘स्ट्रगल’च छापून येईल. अर्थात, पहिल्याची मुलाखत कोणी घेतलीच तर.

हा मुलगा मला म्हणाला, ‘ताई, मला वॉचमन करायला लाज नाही वाटत. पण त्या वॉचमनला एखादं घर, एखादी बायको, एखादा राग तरी लिहा ना.’

लिहिणारा बदलला की हे होतं, याचा पुरावा आपल्यासमोर आहे. नागराज मंजुळेंनी ‘फँड्री’साठी हलगी वाजवणारा सोमनाथ अवघडे गावातून शोधला आणि त्याला प्रेमात पडू दिलं. पा. रंजितने ‘काला’त त्याच रजनीकांतला धारावीतला माणूस केलं. पण दोन-तीन दिग्दर्शकांच्या खांद्यावर किती मुलांनी बसायचं?

मराठी सिनेमाला राज्य सरकार अनुदान देतं. तो पैसा आरामनगरच्या रांगेतल्या मुलाच्याही खिशातून जातो, तो चहा-बिस्किटावर कर भरतो. मग अनुदान मागणाऱ्या निर्मात्याला विचारा: तुमच्या सिनेमात लिहिणारे कोण, कॅमेऱ्यामागे कोण, आणि नाव-आडनाव असलेल्या भूमिका कोणाकडे गेल्या? अर्जात एक रकाना वाढेल, एवढंच.