कुत्रा, गादी आणि सोवळं

"शी! कुत्रा अंथरुणात?" म्हणून नाक मुरडणाऱ्या तमाम मावश्या-आत्यांनो, प्रश्न सोवळ्याचा नाहीच मुळी, गोचिडांचा आहे. फिरून आल्यावर कान, बोटांच्या बेचक्या रोज तपासता? जंताचं औषध, रेबीजची लस वेळेवर? मग झोपू द्या खुशाल पायथ्याशी. (२०१७ च्या मेयो क्लिनिकच्या अभ्यासात कुत्रा नुसता खोलीत असलेल्यांची झोप ठीक होती, पलंगावर घेणाऱ्यांची जराशी उणी. तेवढं चालतंय की!)

पण "आमचा मोत्या काही करत नाही हो" म्हणत त्याला तान्ह्या बाळाशेजारी झोपवणाऱ्या श्वानप्रेमींचा मात्र मला संताप येतो. अहो, चावण्याचं कोण बोलतंय? झोपेत २० किलोचं धूड अंगावर कलंडलं तर चार महिन्यांच्या जिवाला ते ढकलता येणार आहे का? बाळ वर्षाचं होईस्तोवर मोत्या खोलीबाहेर, दार लावून. कुरकुरेल. कुरकुरू दे.