पंक्तिप्रपंच ब्रेकचा

हीरो स्प्लेंडर ही मोटारसायकल १९९४ साली बाजारात आली. तिला तीस वर्षे पूर्ण झाल्याच्या निमित्ताने मे २०२४च्या अखेरीस कंपनीने तिची 'एक्सटेक २.०' ही नवी आवृत्ती काढली. पुढचा दिवा एलईडीचा झाला. मागच्या दिव्याला इंग्रजी 'एच' अक्षराचा आकार आला. काट्यांच्या घड्याळाच्या जागी अंकांचा पडदा बसला, आणि ब्लूटूथच्या साहाय्याने खिशातल्या फोनवर कोणाचा निरोप आला आहे तेही हँडलसमोरच दिसू लागले. शोरूममधली किंमत ८३ हजारांच्या घरात गेली. एवढा सगळा साजशृंगार करून झाल्यावर गाडी थांबवण्याची व्यवस्था मात्र होती तिथेच राहिली. या तिशीच्या आवृत्तीच्या दोन्ही चाकांना ड्रम ब्रेकच होते. त्याच वर्षी पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक असलेली एक एक्सटेकही आली. पण ती वेगळी आवृत्ती, आणि ती अधिक पैसे मोजणाऱ्याला.

टाकीचा रंग, बैठकीची शिवण, दिव्याचा आकार ही ग्राहकाच्या आवडीनिवडीची बाब आहे, आणि तिथे कंपनीने दहा आवृत्त्या काढल्या तरी कोणाची हरकत असण्याचे कारण नाही. ब्रेक मात्र आवडीनिवडीचा विषय कधीपासून झाला? समोरून बैलगाडी आडवी आल्यावर ज्याच्या पगाराचा आकडा मोठा त्याने दोन हात अलीकडे थांबावे आणि ज्याचा लहान त्याने दोन हात पलीकडे, असा न्याय बाजाराला सहज पटतो. तो सरकारलाही पटावा, ही खरी चिंतेची गोष्ट आहे.

या गाडीबद्दल तुच्छतेने बोलण्याचे मात्र काही कारण नाही. लुधियानाच्या सायकल बनवणाऱ्या हीरो समूहाने १९८४ साली जपानच्या होंडाशी भागीदारी केली आणि १९८५ साली हरियाणातील धारूहेडा येथून सीडी १०० ही पहिली मोटारसायकल बाहेर काढली. स्कूटरसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून बसण्याचे ते दिवस होते. सिलिंडर जवळजवळ आडवे निजवलेले, ९७.२ सीसी क्षमतेचे ते छोटेसे इंजिन पुढे स्प्लेंडरमध्ये आले. त्याचे कूळ होंडाच्या १९५८ सालच्या 'सुपर कब'पर्यंत जाते. डिसेंबर २०१० मध्ये दोन्ही भागीदारांनी वेगळे होण्याचे ठरवले. इंजिन मात्र इथेच राहिले आणि वाढले. तालुक्याच्या कोणत्याही गावी बसस्थानकाच्या बाजूला पत्र्याच्या शेडमध्ये बसलेला मेस्त्री ते डोळे मिटून खोलतो आणि जोडतो. थोडे पेट्रोल पिते, क्वचित बिघडते, आणि बिघडले तर गावातच दुरुस्त होते. कष्टकऱ्याच्या हाती पडलेल्या फार थोड्या यंत्रांबद्दल असे म्हणता येईल. देशातील सर्वाधिक खपाची मोटारसायकल हे स्थान तिने जाहिरातीच्या जोरावर मिळवलेले नाही.

ही गाडी कोण चालवतो, हे कार्यकर्त्यांना सांगण्याची गरज नाही. पहाटे दोन्ही बाजूंना किटल्या अडकवून डेअरीकडे निघालेला दूधवाला, औद्योगिक वसाहतीत रात्रपाळीला जाणारा कंत्राटी कामगार, चार वाड्या पायाखाली घालणारा पोस्टमन, पाठीवर चौकोनी पिशवी घेऊन शहरातले जिने चढणारा तरुण, बायको आणि दोन पोरांना घेऊन लग्नाला निघालेला अल्पभूधारक. २०११च्या जनगणनेत देशातील २१ टक्के कुटुंबांकडे दुचाकी होती. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत हे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर पोचले. सरकारी अर्थशास्त्रज्ञ या आकड्याला समृद्धीची खूण समजतात. त्यात थोडे तथ्य आहेही. तथापि या निम्म्या कुटुंबांतील कितीजणांनी गाडी हौसेने घेतली आणि कितीजणांनी कामावर वेळेत पोचण्याचा दुसरा मार्गच न उरल्याने हप्त्यावर घेतली, हे त्या आकड्यात दिसत नाही. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर अशी पहिली एसटी धावली, तेव्हा 'गाव तिथे एसटी' हे पुढे राज्याने स्वत:वर घेतलेले कर्तव्य ठरले होते. २०२१च्या दिवाळीपासून एप्रिल २०२२पर्यंत एसटीचे कामगार विलीनीकरणाच्या मागणीसाठी संपावर होते. तेवढ्या काळात खेड्यांनी जे ओळखायचे ते ओळखले: कामाला जायचे तर गाडी आपली आपल्याला घ्यावी लागेल. कारखान्याने कामगाराला आणण्याची जबाबदारी टाकली, शासनाने बसची टाकली, आणि दोघांनीही टाकलेले ते ओझे शंभर सीसीच्या इंजिनावर येऊन बसले. तेव्हा स्प्लेंडर ही चैनीची वस्तू नाही. कुदळ, फावडे आणि शिवणयंत्र यांच्याच रांगेतले ते रोजीचे हत्यार आहे, आणि हत्यार सुरक्षित असावे ही मागणी कामगार चळवळ तिच्या जन्मापासून करत आली आहे.

आता कायदा काय सांगतो ते पाहावे. १ एप्रिल २०१९पासून १२५ सीसीहून अधिक क्षमतेच्या दुचाकींना एबीएस, म्हणजे चाक जाम न होऊ देणारी ब्रेकव्यवस्था, सक्तीची झाली. १२५ सीसीपर्यंतच्या दुचाकींना मात्र सीबीएस, म्हणजे एक ब्रेक दाबला की दोन्ही चाकांवर जोर वाटून देणारी साधी जोडणी, एवढी पुरे असे ठरले. दोहोंतला फरक तांत्रिक वाटला तरी रस्त्यावर तो अगदी ढोबळ असतो. भिजलेल्या डांबरावर किंवा वाळू सांडलेल्या वळणावर माणूस घाबरून ब्रेक आवळतो. चाक फिरायचे थांबते, गाडी थांबत नाही. ती घसरते, आणि पुढचे चाक जाम झाले तर सावरायला अवधीच मिळत नाही. एबीएसमध्ये चाकाजवळचा संवेदक चाक अडकू लागल्याचे ओळखतो आणि ब्रेकचा दाब क्षणात अनेकदा सोडतो-धरतो. चाक फिरत राहते म्हणून हँडलही ऐकत राहते. सीबीएस हे करत नाही. जोर दोन चाकांत वाटणे चांगलेच. पण वाटून दिलेल्या जोरानेही चाक अडकू शकते.

मग रेषा १२५ सीसीवरच का? लहान गाड्यांचा वेग कमी आणि किंमतही कमी, असे दोन आधार दिले जातात. वेगाचा आधार लंगडा आहे. शंभर सीसीची गाडी ताशी ऐंशीच्या पुढे जाते, आणि ती शोरूमच्या पाटीवरच्या वजनाने कधीच धावत नाही. तिच्यावर तिघे असतात, खताची गोणी असते, चाऱ्याचा भारा असतो. महामार्गावर तिच्या शेजारून उसाचे ट्रॅक्टर आणि मालाचे ट्रक जातात. ते तिची क्षमता विचारून अंतर ठेवत नाहीत. खरा आधार किमतीचाच आहे. अपघाताच्या संभाव्यतेशी या रेषेचा संबंध थोडा, खरेदीदाराच्या ऐपतीशी जास्त. याला वर्गरेषा म्हणायचे नाही तर दुसरे काय म्हणायचे? केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्याच अहवालानुसार २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतली सुमारे ७५ हजार, म्हणजे शंभरात चव्वेचाळीसहून अधिक, दुचाकीवरची होती.

जून २०२५ मध्ये त्याच मंत्रालयाने मसुदा काढला, की १ जानेवारी २०२६पासून बनणाऱ्या सर्व दुचाकींना, त्यांची क्षमता काहीही असो, एबीएस असावे. मसुदा प्रसिद्ध होताच उद्योगाच्या गोटातून अपेक्षित सूर निघाला: खर्च वाढेल, खेड्यातली मागणी घटेल, गरिबाला गाडी परवडणार नाही. अंकांचा पडदा आणि ब्लूटूथ बसवताना या मंडळींना गरिबाच्या खिशाची आठवण झाली नव्हती. ती ब्रेकची गोष्ट निघाल्यावर झाली.

हाच आक्षेप आपल्याच काही सहकाऱ्यांनीही घेतला, तर त्यांचे ऐकून घेतले पाहिजे. त्यांचा हेतू नफ्याचा नसतो. गाडी चार-पाच हजारांनी महागली तर त्याचे व्याजासकट ओझे हप्ता भरणाऱ्यावर पडते हे खरेच आहे. एप्रिल २०२० मध्ये प्रदूषणाचे नवे मानक आले तेव्हाही किमती वाढल्या आणि त्या ग्राहकानेच भरल्या. पण उत्तर महाग ब्रेक नाकारण्यात नाही; पैसे कोणी द्यायचे हे विचारण्यात आहे. त्याचे उत्तर खुद्द सरकारच्या हातून देऊन झाले आहे. २२ सप्टेंबर २०२५पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. हिशेब साधा आहे. करासह ८० हजारांना मिळणाऱ्या गाडीची मूळ किंमत ६२,५०० रुपये होते. तिच्यावर पूर्वी १७,५०० रुपये कर होता, नव्या दराने तो ११,२५० झाला. एका गाडीमागे ६,२५० रुपये शासनाने सोडले, आणि ते योग्यच केले. मग याच सवलतीला 'प्रत्येक गाडीला एबीएस' अशी अट जोडली असती तर गाडीची किंमत फार तर पूर्वी होती तिथे राहिली असती, आणि त्या किमतीला लोक गाडी घेतच होते. बाजारात तेजी आणायला तिजोरी उघडते. माणूस वाचवायचा म्हटला की तिच्या किल्ल्या सापडत नाहीत.

यातली आणखी एक गंमत नजरेतून सुटू नये. करसवलतीच्या पंगतीत शंभर सीसीवाला आणि साडेतीनशे सीसीची भारदस्त गाडी मिरवणारा, असे दोघे शेजारी शेजारी बसले. तिथे शासनाला क्षमतेचा भेद आठवला नाही. ब्रेकच्या पंगतीत मात्र २०१९पासून पंक्तिप्रपंच चालू झाला.

एबीएस आले की अपघात संपतील, अशी कोणी समजूत करून घेऊ नये. रस्त्यातले खड्डे, रात्री दिव्याविना उभे केलेले ट्रेलर, अठरा-अठरा तास जुंपलेले चालक, आणि आपल्याच पोरांचे दारू पिऊन गाडी हाकणे, हे सगळे आहे तिथेच राहील. पण ज्या धोक्यावर यंत्रात उपाय आहे तो धोका माणसाच्या नशिबावर सोडणे हा निव्वळ हिशेबीपणा आहे.

कामावर जाण्याचा रस्ता हा कामाचाच भाग आहे, हे मान्य करायला या देशात किती वेळ लागतो याचे एक उदाहरण मराठवाड्यातले आहे. धाराशिव जिल्ह्यात साखर कारखान्याचा एक रखवालदार एप्रिल २००३ मध्ये पहाटे तीनच्या पाळीसाठी मोटारसायकलवरून निघाला आणि कारखान्यापासून सुमारे पाच किलोमीटरवर अपघातात मरण पावला. कामगार नुकसानभरपाई आयुक्तांनी कुटुंबाच्या बाजूने निकाल दिला. विमा कंपनी अपिलात गेली आणि २०११ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. अपघात कारखान्याच्या फाटकात झाला नव्हता, रस्त्यावर झाला होता. अखेर २९ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, की घर आणि कामाची जागा यांमधल्या प्रवासात झालेला अपघात, वेळ, स्थळ आणि परिस्थिती यांचा नोकरीशी संबंध जुळत असेल तर, नोकरीतूनच उद्भवलेला मानावा. पहाटे तीनला हजर व्हायचे म्हणून निघालेला माणूस दुसरीकडे कुठे चालला असणार, एवढे ठरायला बावीस वर्षे लागली. आपल्या युनियनांच्या मागणीपत्रकांत कॅन्टीन असते, गणवेश असतो, बूट असतात. ज्या गाडीवरून कामगार फाटकापर्यंत येतो तिचा उल्लेख नसतो. या निकालानंतर तो असायला हवा. रात्रपाळीला आणणारी-सोडणारी बस ही पहिली मागणी, आणि मालक बस देत नसेल तर गाडी घेण्यासाठी बिनव्याजी उचल व सुरक्षित ब्रेकच्या वाढीव किमतीत मालकाचा वाटा, ही दुसरी. हरियाणातील आणि महाराष्ट्रातील वाहन कारखान्यांच्या पट्ट्यांत कंत्राटावर राबणारा कामगार जी गाडी बनवतो तीच घेऊन घरी जातो. त्याच्या युनियनने हा प्रश्न हाती घेतला तर मागणीला वजन येईल.

एक काम मात्र मसुद्याची किंवा निकालाची वाट न पाहता होण्यासारखे आहे. २०२२ साली हेल्मेटविना मेलेल्यांची संख्या ५०,०२९ होती. त्यांपैकी १४,३३७ जण मागे बसलेले होते. चौकात पोलीस दंड करतात तो चालवणाऱ्याला. पण केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १३८व्या नियमानुसार दुचाकीच्या विक्रीच्या वेळी मानांकित हेल्मेट देण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे, हे गाडी घेणाऱ्या कितीजणांना ठाऊक असते? कोणी विचारत नाही, म्हणून कोणी देत नाही. किंवा दिलेच तर 'ॲक्सेसरीज'च्या बिलात त्याचे पैसे लावले जातात. जून २०२५च्या मसुद्यात गाडीबरोबर दोन हेल्मेट देण्याची तरतूद सुचवली आहे. पण एकाचा नियम तर आधीपासूनच आहे. दसरा, पाडवा, धनत्रयोदशी या मुहूर्तांना तालुक्याच्या शोरूमपुढे गाड्यांना हार घालण्यासाठी रांग लागते. प्रत्येक शाखेच्या दोघा-तिघा कार्यकर्त्यांनी त्या दिवशी नियमाची प्रत घेऊन दारात उभे राहावे, गिऱ्हाइकाला बिल मागायला सांगावे, हेल्मेटचे वेगळे पैसे लावलेले दिसले तर त्या बिलाची नक्कल जोडून परिवहन कार्यालयात लेखी तक्रार द्यावी आणि पोचपावती घेतल्याशिवाय तिथून हलू नये.