नगरपालिकेचीं कंत्राटें व गांवचे लहान उद्योग

गांवच्या शाळेस बांकें हवीं असतात, दवाखान्यास चादरी हव्या असतात, सफाई कामगारांस गणवेश हवे असतात. गांवांतच सुतार आहेत, विणकर आहेत, शिंपी आहेत. तथापि या मालाचें कंत्राट पुष्कळदां परगांवच्या मोठ्या पेढीच्या पदरीं पडतें. याचें कारण स्थानिक कारागिराच्या अंगीं गुण नाहीं हें नव्हे. दोष निविदेच्या अटींत आहे. वर्षाची सारी खरेदी एकाच गठ्ठ्यांत काढावयाची, मोठी उलाढाल मागावयाची, भारी बयाणा रक्कम भरावयास लावावयाची, आणि वर ‘स्पर्धा सर्वांस खुली आहे’ असें म्हणावयाचें! दार उघडें ठेवून उंबरठा पुरुषभर उंच बांधला, तर त्या दारास उघडें कोण म्हणेल?

मध्यवर्ती सरकारनें ही अडचण ओळखून २०१२ सालीं खरेदीचा आदेश काढला. त्या खात्यांनीं व सरकारी कंपन्यांनीं खरेदीचा २० टक्के भाग सूक्ष्म व लघु उद्योगांकडून घ्यावा असें ठरलें. २०१८ सालीं तें प्रमाण २५ टक्के झालें. निविदेचे कागद विनामूल्य, बयाणा रक्कम माफ. लघु उद्योगाची बोली नीचतम दरापेक्षां १५ टक्क्यांपर्यंत अधिक असल्यास, तो नीचतम दर पत्करून पुरवठ्यांत वांटा घेण्याची त्यास संधि मिळते. म्हणजे तिजोरीस तोशीस नाहीं. परंतु हा आदेश नगरपालिकांस बांधील नाहीं. तींच तत्त्वें राज्यांनीं व नगरपालिकांनीं आपल्या नियमांत कां उतरवूं नयेत?

कोणी म्हणेल, लहानांच्या नांवाखालीं सभासदांचे सोयरेधायरे आंत शिरतील. ही शंका रास्त आहे. तिला उपाय एकच: कंत्राटदाराचें नांव, दर, मालाच्या तपासणीचा निकाल व बिल चुकतें केल्याची तारीख नगरपालिकेच्या फलकावर लागलीच पाहिजे. कामें वस्तुवार विभागावींत. मात्र निविदा चुकविण्यासाठीं त्यांचे तुकडे पाडूं नयेत.

खरी मेख बिलांत आहे. २००६ च्या कायद्यानें सूक्ष्म व लघु उद्योगांस ४५ दिवसांच्या आंत पैसे देणें बंधनकारक आहे. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दरानें चक्रवाढ व्याज लागतें, व दाद मागण्यास सुविधा परिषदहि आहे. पण ज्याला पुढील सालींहि त्याच दारीं माल विकावयाचा आहे, तो गरीब पुरवठादार फिर्याद कशी करील? हक्क कागदावर असून पोट रिकामें! म्हणून नगरपालिकेनें मागणीवांचूनच मुदत पाळली पाहिजे.

व्यापाऱ्यांनींहि नुसतें कुरकुरत बसूं नये. उद्योगाची उद्यम नोंदणी करावी, निविदा वाचाव्या, एकट्यास झेपत नसेल तर सहकारी संस्था काढून बोली करावी. करदात्यांचा पैसा गांवच्या कष्टाळू हातांस मिळावा ही भीक नव्हे. समान संधीचा तो हक्क आहे. येत्या अंदाजपत्रकाच्या सभेंत प्रत्येक सभासदास हा प्रश्न नागरिकांनीं अवश्य विचारावा.