अकरावीत गणित सोडताय? मुलींच्या फी माफीची वाट इथेच अडते

धाराशिव : दहावीचा निकाल लागला, पेढे वाटून झाले की गावागावात एकच प्रश्न सुरू होतो. आता पुढं काय? सायन्स, आर्ट्स की कॉमर्स? घरात त्यावर दोन दिवस चर्चा होते आणि तिसऱ्या दिवशी तालुक्याच्या ठिकाणी महा ई-सेवा केंद्रात जाऊन फॉर्म भरला जातो. मागं रांग असते, केंद्रचालकाला घाई असते. कॉलेजांची नावं तोच सुचवतो. पण मुलाच्या पुढच्या शिक्षणाचा खरा फैसला शाखेच्या नावापेक्षा त्या शाखेत कोणते विषय घेतले यावर होतो, आणि त्याची चर्चा घरात क्वचितच होते.

2025-26 या शैक्षणिक वर्षापासून अकरावीचा प्रवेश सगळ्या महाराष्ट्रात ऑनलाइन झाला. आधी ही पद्धत मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर अशा मोठ्या शहरांपुरती होती. आपल्याकडं गावातल्या किंवा तालुक्याच्या कॉलेजात जायचं, गुणपत्रिका दाखवायची आणि नाव घालायचं, एवढंच होतं. आता कळंबच्या मुलाला लातूरचं कॉलेज आणि परंड्याच्या मुलीला बार्शीचं कॉलेज मोबाईलवरच दिसतं. एक ते दहा पसंतीक्रम देता येतात. ही मोठी सोय आहे, पण त्यात एक अट आहे.

पहिली पसंती जपून द्या

पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं तर तिथंच प्रवेश घ्यावा लागतो. नाही घेतला, तर पुढच्या नियमित फेऱ्यांमधून नाव बाहेर जातं आणि सगळ्यांसाठी खुल्या असलेल्या शेवटच्या टप्प्याची वाट बघावी लागते. म्हणून "टाकून बघू, लागलं तर लागलं" असं म्हणून लांबचं कॉलेज पहिल्या नंबरला टाकणं महागात पडतं. नंबर लागल्यावर कळतं की तिथं राहायची सोय नाही, किंवा ती तुकडी विनाअनुदानित आहे आणि फी परवडणारी नाही. एकाच कॉलेजात अनुदानित आणि विनाअनुदानित अशा दोन्ही तुकड्या असू शकतात. फॉर्ममध्ये हे लिहिलेलं असतं, फक्त बघावं लागतं. नियम आणि तारखा दर वर्षी बदलू शकतात, त्यामुळं यंदाच्या सूचना संकेतस्थळावर वाचूनच पसंती द्यावी.

ऑनलाइन फॉर्ममध्ये शाखा ठरते. गणित ठेवायचं की जीवशास्त्र, हे प्रत्यक्ष प्रवेश घेताना कॉलेजच्या फॉर्मवर लिहावं लागतं. खरी चूक बहुतेक वेळा इथं होते.

कोणता विषय सोडला की काय बंद होतं?

सायन्सला भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र बहुतेक सगळेच घेतात. फरक पडतो तो गणित आणि जीवशास्त्रात.

जीवशास्त्र सोडलं तर नीटची वाट बंद, म्हणजे एमबीबीएस, बीएएमएस, पशुवैद्यकीय हे सगळं गेलं. बीएस्सी नर्सिंगलाही जीवशास्त्र लागतं. गणित सोडलं तर इंजिनिअरिंगच्या बहुतेक शाखा, एनडीएतलं हवाई दल आणि नौदल यांची वाट बंद. बीएस्सी ॲग्री आणि बी.फार्मसीला मात्र दोन्हीपैकी कोणताही एक विषय चालतो. शेतकऱ्याच्या घरात हे ठाऊक असायला हवं, कारण "शेतीला जायचं तर जीवशास्त्रच पाहिजे" असा समज पक्का बसलेला आहे.

दोन्ही विषय ठेवले तर दोन्ही वाटा उघड्या राहतात, पण अभ्यासाचा भार वाढतो. ज्या मुलाला दहावीत गणितानं घाम फोडला, त्याच्यावर चारही विषय लादण्यात अर्थ नाही. क्रॉप सायन्स, इलेक्ट्रॉनिक्स, कॉम्प्युटर सायन्स असे द्विलक्षी विषय 200 गुणांचे असतात. ते दुसऱ्या भाषेची आणि आणखी एका विषयाची जागा घेतात. त्यामुळं द्विलक्षी घेतल्यावर गणित आणि जीवशास्त्र यांपैकी एकच ठेवता येतं. गुण चांगले पडतात म्हणून द्विलक्षी घेणाऱ्यांनी हे आधी समजून घ्यावं.

गणित सोडताना आणखी एक हिशेब बघावा. देशभरात नीटला 22 लाखांच्या आसपास मुलं बसतात आणि एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या घरात आहेत. "डॉक्टरच करायचं" म्हणून गणित सोडलेल्या बहुसंख्य मुलांना बारावीनंतर दुसरा रस्ता शोधावा लागतो. त्या वेळी गणित नसल्याचं कळून उपयोग नसतो.

मुलींच्या बाबतीत तोटा दुप्पट

राज्य सरकारनं 8 जुलै 2024 रोजी निर्णय काढला. ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ. आधी ती निम्मी माफ होती. इंजिनिअरिंग, फार्मसी, वैद्यकीय, कृषी हे सगळं त्यात येतं. प्रवेश सरकारच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला हवा, मॅनेजमेंट कोट्याला हा लाभ नाही. अनुसूचित जाती-जमातीच्या मुलींसाठी शिष्यवृत्तीच्या वेगळ्या योजना आहेत.

म्हणजे "पोरीच्या इंजिनिअरिंगची फी कुठून भरायची?" या प्रश्नाला आता बऱ्याच घरांसाठी उत्तर आहे. राहण्या-खाण्याचा खर्च उरतो, तो काही लहान नाही. पण ही माफी मिळण्यासाठी मुलगी त्या अभ्यासक्रमाला पात्र तर असायला हवी. आणि पात्रता ठरते ती सोळाव्या वर्षी, अकरावीत घेतलेल्या विषयांवर. "पोरीला गणित झेपणार नाही" किंवा "सायन्सचं कॉलेज लांब आहे, गावात आर्ट्स आहे ते बरं" असं म्हणून घेतलेला निर्णय दोन वर्षांनी ही माफी हातातून घालवतो.

लांब कॉलेजच्या अडचणीलाही थोडा आधार आहे. बारावीपर्यंतच्या मुलींना एसटीचा पास अहिल्याबाई होळकर योजनेतून मोफत मिळतो, मुलांना मासिक पासात 66.66 टक्के सवलत आहे. प्रश्न गाडीच्या वेळेचा असतो. संध्याकाळची एसटी प्रॅक्टिकल संपायच्या आत निघत असेल तर पास असून उपयोग नाही. एकाच गावातून चार-सहा मुली जात असतील तर पालकांनी आणि ग्रामपंचायतीनं मिळून आगाराकडं वेळ बदलून मागावी. एकट्यादुकट्याच्या अर्जापेक्षा त्याचं वजन जास्त पडतं.

आर्ट्स घेणं चूक आहे का?

अजिबात नाही. पोलीस भरतीला कोणत्याही शाखेची बारावी चालते. स्पर्धा परीक्षा, वकिली, डीएड यांचंही तसंच. जीएनएम नर्सिंगलाही कोणत्याही शाखेची बारावी चालते. ज्याला भाषा, इतिहास, भूगोलात गोडी आहे, त्यानं सायन्समध्ये कुढत बसण्यापेक्षा आर्ट्स बरं. फक्त ते आवडीनं घेतलेलं असावं, जवळ आहे एवढ्यासाठी नको. सायन्सकडून आर्ट्सकडं येता येतं, उलट जाणं फार अवघड. ज्याला हातानं काम करायला आवडतं त्याला आयटीआय आहे. दहावीनंतर तीन वर्षांचा पॉलिटेक्निक डिप्लोमा केला तर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं.

कॉलेजात जाऊन काय विचाराल?

राज्यात अकरावीच्या 21 लाखांहून जास्त जागा आहेत आणि गेल्या प्रक्रियेत त्यातल्या लाखो रिकाम्या राहिल्या. म्हणजे गरज कॉलेजांनाही आहे. मुलाला सोबत घेऊन एकदा जाऊन यावं आणि सरळ विचारावं. गणिताला आणि भौतिकशास्त्राला शिक्षक आहेत का, की तासिकेवर कुणी येतं? प्रयोगशाळा उघडी असते का? सायन्सच्या तीन विषयांत 100 पैकी 30 गुण प्रात्यक्षिकाचे असतात. "हजेरीचं आम्ही बघू, तुम्ही क्लास करा" असं कुणी सांगत असेल तर तिथं शिकवणं होत नाही, हे समजून घ्यावं.

अकरावी म्हणजे आरामाचं वर्ष, हाही गैरसमज सोडावा. राज्याच्या सीईटीत 20 टक्के प्रश्न अकरावीच्या अभ्यासक्रमावर असतात, नीटला तर दोन्ही वर्षांचा अभ्यास लागतो. इंजिनिअरिंगच्या सीईटीत 200 पैकी 100 गुण एकट्या गणिताचे आहेत.

फॉर्म भरायला जाण्याआधी घरीच एका कागदावर दहा कॉलेजं क्रमानं लिहावीत. प्रत्येकापुढं तीन गोष्टी टिपाव्यात : अनुदानित की नाही, एसटी किती वाजता, कोणते विषय. हा कागद मुलानं किंवा मुलीनं स्वतः लिहावा आणि केंद्रावर तोच पुढं ठेवावा. विषय चुकल्याचं नंतर लक्षात आलं तर अकरावी सुरू होताच पहिल्या काही दिवसांत प्राचार्यांकडं लेखी अर्ज द्यावा. बारावीच्या परीक्षेचा फॉर्म भरायची वेळ आली की मग हात जोडूनही काही होत नाही.